गटिंगच्या खोलीतला खून

बांडुंग, ४ ऑगस्ट

रोहेन्दीस,

तुझ्या फोनवर तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून कागद घेतला. पत्ता तुझ्या थोरल्या बहिणीने, तेह इमासने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तीन वेळा तिने दारातूनच परत पाठवलं, चौथ्यांदा कंटाळून दिला. बालिकपापनला तुझं कपडे धुण्याचं दुकान आहे आणि कपडे किलोवर घेतोस, एवढंच ती बोलली. जास्त मी विचारलंही नाही.

कामाचं लिहितो. रॅकेटला तारा ओढून झाल्या की गटिंगची शेवटची गाठ तू कशी मारायचास, ते मला हवं आहे.

मी शिकवलेली साधी दुहेरी गाठ तू कधीच मारली नाहीस. तार एक वेढा जास्त घेऊन आतून काढायचास आणि टोक तिरकं कापायचास. नियमात नाही म्हणून मी ओरडायचो. ती एकदाही निसटली नाही, हे मात्र मान्य करतो. गेले तीन आठवडे मी ती मारून बघतोय. वरवर तशीच दिसते, पण भिंगाखाली धरली की पीळ उलटा पडलेला असतो. आणि मला ती तीनशे वेळा मारायची आहे.

कशासाठी, ते सांगतो. मी एक डिटेक्टिव्ह खेळ तयार केला आहे. खोक्यात येतो. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, खोकं उघडायचं. आत एका खुनाच्या तपासाचे कागद: स्टेडियमचा नकाशा, सामन्यांचं वेळापत्रक, पाच संशयितांचे जबाब, ओळखपत्रं, फोटो. वाचायचं, भांडायचं आणि शेवटी उत्तरपत्रिकेवर तीन ओळी भरायच्या. खुनी कोण, कसं केलं, कारण काय. मग सीलबंद पाकीट फोडून ताडून बघायचं. आपल्याकडे कॉलेजची मुलं असले खेळ करतात. त्यांचे खून युरोपातल्या हवेल्यांमध्ये होतात. त्या हवेल्या त्यांनी स्वप्नातही पाहिलेल्या नाहीत, आणि ते वाचताना कळतं. जेवणघरातून जिन्यापर्यंत किती पावलं, हे त्यांना सांगता येत नाही. मी ठरवलं, जी जागा मला डोळे मिटून माहीत आहे तिथेच खून करायचा.

म्हणून बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. बारा देश. उपांत्य फेरीचा दिवस. एक परदेशी प्रशिक्षक गटिंगच्या खोलीत मेलेला सापडतो. गळ्याभोवती गटिंगची तार, मानेमागे गाठ. खोलीत किती मशिनं होती, पंखा कुठे होता, दाराची कडी आतून होती की बाहेरून, सगळं मापून लिहिलंय. सातवी शिकलेल्या माणसाने लिहिलंय असं कोणी म्हणणार नाही. इंग्रजी मी मशिनच्या माहितीपत्रकांवरून शिकलो, तसंच हेही शिकलो, एकेक खोकं फोडून.

गाठ हा मुख्य पुरावा. प्रत्येक खोक्यात खरी तार आणि खरी गाठ घालायची आहे, हाताने मारलेली. चित्रावर मी भागवणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. या खेळाचा तुझ्याशी काही संबंध नाही. खुनी तरुण गटिंगवाला निघतो, पण तो मेदानचा आहे, डावखुरा आहे आणि त्याचं नाव रुस्तान्दी आहे.

छापखान्याला तीस सप्टेंबरपर्यंत सगळं द्यायचंय. नोव्हेंबरात जकार्ताला पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. गटिंगच्या खोलीचा मुख्य मीच. नऊ मशिनं, बारा माणसं. खेळ तिथल्या दुकानात ठेवायचं ठरलंय.

नमुन्याचं एक खोकं सोबत पाठवतो. चुका दिसल्या तर कळव. चुका नसाव्यात.

इयुस

बांडुंग, २३ ऑगस्ट

रोहेन्दीस,

खोकं पोचलं, हे तेह इमासकडून कळलं. तुझं उत्तर नाही. ठीक आहे. गाठ मीच बसवतोय. दहातल्या चार बरोबर येतात.

काल खेळाची चाचणी घेतली. घरीच. माझी एन्तिन, समोरचा मोटारसायकलवाला उचुप आणि बू तिता. बू तिताला तू ओळखत नाहीस, तू गेल्यावर गल्लीत आल्या. कोर्टात तेहतीस वर्षं कारकून होत्या. मांजर पाळतात आणि कोणाचंही बोलणं अर्ध्यात तोडतात. एन्तिनने भाज्यांची भजी तळली होती. मी आधीच बजावलं होतं, तेलकट बोटांनी पुराव्याला हात लावायचा नाही.

"म्हणजे खून बघायचा आणि भजी पण नुसती बघायची?" उचुप म्हणाला.

"हात धू," एन्तिन म्हणाली. "यांना एक माणूस मारायला आठ महिने लागलेत. डाग पडला तर पुन्हा आठ महिने आमच्याशी बोलणार नाहीत."

मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो. कोण कुठल्या कागदाला किती वेळ थांबतं, ते लिहीत होतो. पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. उचुपने दोनदा चुकीच्या माणसाला पकडलं. एकदा तर पंचाला, का, तर त्याच्या फोटोत मिशा आहेत. मग एन्तिनला गाठ सापडली. तिने ती रुस्तान्दीच्या कामाच्या फोटोशेजारी धरली आणि म्हणाली, "हाच. झालं. ताट उचलते."

बू तिता गाठ हातात घेऊन बसल्या. चष्मा कपाळावर.

"पाक इयुस, ही गाठ या मुलाची. कबूल. पण गाठ मारली म्हणजे गळा यानेच आवळला, हे कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "बू, ज्याची गाठ त्याचं काम. आमच्या धंद्यात हे सहीसारखं असतं."

"मी तेहतीस वर्षं सह्या बघितल्या. खाली सही ज्याची, वरचा मजकूर त्याचाच असतो का? साहेब सांगायचे, मी टाइप करायची, सही तिसऱ्याची. तुमच्यात तसं नसतं? एका रॅकेटला एकच माणूस बसतो?"

"एकच."

"नेहमी?"

माझ्या खेळाबद्दल मला कोणी प्रश्न विचारला आणि मी अडलो, असं अजून झालं नव्हतं. म्हणून सांगितलं. सांगायला नको होतं. म्हटलं, आमच्या दुकानात एक रीत आहे. मोठ्या सामन्याची रॅकेट असली की सुरुवात थोरल्याने करायची. फ्रेम मशिनवर तोच बसवतो, बिस्मिल्ला म्हणून मधल्या सहा उभ्या तारा ओढतो आणि उठून जागा धाकट्याला देतो. बाकीच्या उभ्या, सगळ्या आडव्या आणि गाठी धाकट्याच्या. चिठ्ठीवर नावही त्याचंच. माझ्या उस्तादाने हे मला दिलं आणि मी पुढे दिलं. आशीर्वाद असतो तो. जकार्ताच्या लोकांना हे माहीत नाही, ते असलं काही करत नाहीत.

"बरं," बू तिता म्हणाल्या. "मग या खेळातल्या मुलाच्या आधी कोण बसलं होतं?"

"खेळात ते नाही, बू."

"नाही की घातलं नाही?"

उचुप हसला. "अडकले! पाक इयुस अडकले! बू, यांनाच पकडा, उत्तरपत्रिकेत लिहा यांचं नाव."

एन्तिन हसली नाही. ताट घेऊन आत गेली.

मी ती शंका वहीत लिहून घेतली. रुस्तान्दी एकटाच काम करायचा, असं एक वाक्य जबाबात घातलं की भागेल. एका ओळीचं काम आहे.

दुसरं. तेह इमास परवा बाजारात भेटली. म्हणाली, मागच्या वर्षी समारिंदाच्या स्पर्धेत गटिंगच्या कामाला तू अर्ज केला होतास. आणि त्यांनी तुला बॅडमिंटन संघटनेच्या अकरा वर्षांपूर्वीच्या त्या मनाईपत्राची प्रत पाठवली, वर लाल शाईने 'कायमची' लिहून. मला हे माहीत नव्हतं. माझी समजूत होती की मनाई केव्हाच संपली आणि तूच काम सोडलंस. चांगलं दुकान आहे, समुद्र आहे, सुखी असशील, अशी.

अकरा वर्षांत तू एकदा अर्ज केलास की पुष्कळदा, हे तिने सांगितलं नाही.

इयुस

बांडुंग, ११ सप्टेंबर

रोहेन्दी,

आज पोस्टमनने तुझं पाकीट आणलं. मला वाटलं, गाठ पाठवलीस. आत माझ्याच खोक्यातली उत्तरपत्रिका निघाली, भरलेली. अक्षर तुझंच. सात अजून उलटा काढतोस की नाही ते कळलं नाही, आकडा कुठे नव्हता.

खुनी कोण: थोरला उस्ताद.
कसं केलं: फ्रेम बसवताना.
कारण: दमला होता.

बाकी कागद कोरा. मागची बाजूही बघितली.

पहिली गोष्ट. माझ्या खेळात उस्ताद हा संशयितांच्या यादीतच नाही. तो तिसऱ्या जबाबात एका ओळीपुरता येतो, चहा पितो आणि जातो. दुसरी गोष्ट. फ्रेम बसवून माणूस मरत नाही. तिसरी गोष्ट. उत्तराला आधार म्हणून कागदाचा क्रमांक द्यावा, असं सूचनेत स्पष्ट छापलंय, तो तू दिलेला नाहीस. म्हणजे खेळाच्या नियमाने तुझं उत्तर बाद.

हे सगळं मी एन्तिनला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाद का?" म्हणाली. "तो बरोबर ठिकाणी पोचलाय, तुम्ही पाकिटात दुसराच कागद घातलाय."

"तुला या धंद्यातलं काय कळतं?"

"धंद्यातलं नाही कळत. तुमच्या शेजारी झोपते पण. रोहेन्दीचे आबा गेले तेव्हा मयतीला तो आला, सगळ्यांच्या हाताला हात लावला आणि तुमच्यासमोर येऊन हात खिशात घातला. तुम्ही घरी आल्यावर काय म्हणालात? मुलाला रीत राहिली नाही. मी तेव्हाच विचारणार होते."

"मग का नाही विचारलंस?"

"अहो कांग, तुम्हाला विचारायचं म्हणजे आधी क्रमांक लावून कागद आणायला लागतात."

मी उठून दुकानात आलो. हे तिथूनच लिहितोय. दुपार आहे, गिऱ्हाईक नाही. चार रॅकेटी पडल्यात, हात लावावासा वाटत नाही. पंचावन्न काही मोठं वय नाही, पण हल्ली खुर्चीत बसलो की उठायला कारण लागतं.

कारणाच्या ओळीत तू 'दमला होता' लिहिलंस. त्या ओळीत आजवर आठ चाचण्यांमध्ये लोकांनी पैसा लिहिला, बाई लिहिली, जुना सूड लिहिला. दमलेपण कोणी लिहिलं नाही. तू मला सूट देतोयस का? मला सूट नको. मागितलेली नाही.

उद्या लिहितो.

इयुस

बांडुंग, १२ सप्टेंबर

रोहेन्दी,

मी दमलो नव्हतो.

आता क्रमाने लिहितो. तुला माहीत नसलेलं यात थोडंच आहे, पण मी ते कधी कुठे लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

उपांत्य फेरीचा दिवस. अकरा वर्षांपूर्वीचा. नेनीची रॅकेट सव्वाअकराला आली. आपल्या बांडुंगची पोर, तुझ्या आबांच्या बॅडमिंटन हॉलमध्ये वाढलेली. तीस पौंड ताण. अडीचला तिचा सामना. खोलीत मशिन विकणारा तो उंच परदेशी माणूस आला होता. तुला आठवत असेल, बोलताना तो सगळ्यांवर वाकायचा. आदल्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो की आमच्या दुकानात रॅकेट चौदा मिनिटांत होते. त्याचा विश्वास बसला नव्हता. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, दाखव.

फ्रेम मी बसवली. बाजूचे दोन आधार फ्रेमला टेकवले. टेकवले की पाव फेरा घट्ट करायचे, हे मी तुला शंभर वेळा सांगितलंय. तो पाव फेरा नसला तर उभ्या तारा ओढताना फ्रेम बाजूंना फुगते, आणि डोळ्याला दिसत नाही अशी चीर आत पडते. मी टेकवले आणि घड्याळाकडे बघितलं. पाव फेरा राहिला. बिस्मिल्ला म्हणून सहा तारा ओढल्या. तीस पौंडांनी. मग झटकन उठलो आणि तुला जागा दिली, म्हणजे त्या माणसाला आमचा बदलही किती चपळ आहे ते दिसावं.

तू बसलास. पहिल्यांदा आधारांना बोट लावलंस, तशी तुझी सवय होती. ते सैल होते. तू ते घट्ट केलेस आणि मान वर करून माझ्याकडे बघितलंस.

तारा कापून पुन्हा सुरुवात करायला हवी होती. फ्रेम तपासायला हवी होती. तुला ते माहीत होतं. पण उस्तादाची सुरुवात धाकट्याने कापायची, तीही परक्या माणसासमोर, हे आपल्यात होत नाही. ते मी बोलायचं होतं. मला तुझं बघणं कळलं होतं. मी त्या माणसाला म्हणालो, "किती मिनिटं झाली? सात?" साडेसहा झाली होती. तो खूश झाला.

पुढचं सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस, नेनीने स्मॅश मारला आणि रॅकेटचं डोकं कागदासारखं दुमडलं. शटल जाळ्यात. दुसरी रॅकेट घेऊन तिने पुढचा गुणही घालवला, सामना गेला. संध्याकाळपर्यंत लोक बोलायला लागले की गटिंगवाल्याला कोणीतरी विकत घेतलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी झाली. समितीचे दोघे आणि एक परदेशी अधिकारी. टेबलावर मोडकी रॅकेट, तारा कापलेल्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: ही गाठ कोणाची? मी भिंग लावून बघितली. त्याची काही गरज नव्हती, ती मी दहा पावलांवरून ओळखली असती. म्हटलं, रोहेन्दीची.

खोटं बोललो नाही. हे वाक्य मी अकरा वर्षं जवळ ठेवलंय. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि ते बरोबर होतं. सुरुवात कोणी केली, हे त्यांनी विचारलं नाही, कारण सुरुवात वेगळ्याची असू शकते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तू भिंतीशी उभा होतास. तू माझ्याकडे बघितलंस, दुसऱ्यांदा. वाट बघत होतास. बाहेरच्यांसमोर तू माझं नाव घेणार नाहीस, हे मला माहीत होतं. मीच तसा घडवला होता तुला. मी चष्मा पुसत बसलो. साफ होता.

मग ते तुला म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?" आणि तू म्हणालास, "कांग इयुसनी सांगितलं तेवढंच."

त्यानंतर मी स्वतःला सांगत आलो की चीर कदाचित कारखान्यातलीच असेल. नेनीने आदल्या सामन्यात रॅकेट जमिनीवर आपटली असेल. तू नंतर जास्त ताण दिला असशील. पुढे हेही बंद झालं, फक्त कंटाळा उरला. आणि मग मी खेळ रचायला बसलो आणि तुझी गाठ माणसाच्या मानेमागे बांधली. आठ महिने त्यावर काम केलं आणि एकदाही मनात आलं नाही की मी काय करतोय. खोलीतल्या पंख्याची पाती मोजली मी, रोहेन्दी. तीन होती.

तेव्हा कारणाची ओळ दुरुस्त कर. कारण: कोणीतरी घड्याळ लावून बघत होतं.

इयुस

बांडुंग, २९ सप्टेंबर

रोहेन्दी,

खेळ छापायला दिला नाही. छापखान्याला कळवलं. त्यांना वाटलं, अजून चुका काढतोय.

काल जकार्ताला जाऊन आलो. पहाटेची गाडी. निवेदन आधीच लिहिलं होतं, चार पानं. शेवटी दहा हजार रुपियाचं सरकारी तिकीट चिकटवून, अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर येईल अशी सही केली. बू तितांनी समोर बसून करवून घेतली. निवेदन त्यांनी वाचलं, दोन वाक्यं खोडली. म्हणाल्या, "इथे तुम्ही रडताय. रडणं नोंदवत नाहीत. वेळ लिहा, कृती लिहा." मी वेळ लिहिली, कृती लिहिली. एन्तिनने डब्यात भात आणि सोयाबीनचं तळलेलं टेम्पे दिलं आणि दारापर्यंत आली. "परत येताना मुख्य म्हणून याल का?" तिने विचारलं. नाही म्हटलं. "बरं, मग नोव्हेंबरात माझ्या भाच्याच्या लग्नाला येता येईल," म्हणाली.

आधी नेनीला फोन केला होता. तिने हे कागदावर वाचू नये, असं वाटलं. ती आता तासिकमालायाला मुलं शिकवते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाक इयुस, मला इतकी वर्षं वाटायचं की मीच वेड्यासारखं जोरात मारलं." मागे शटलचे आवाज येत होते. मुलं खोळंबलीत म्हणाली आणि फोन ठेवला.

बॅडमिंटन संघटनेच्या ऑफिसात पाक सुबेक्ती भेटले. स्पर्धेचं सगळं तेच बघतात. मला मान देतात, खुर्ची देतात, कॉफीत साखर किती ते त्यांना माहीत आहे. चार पानं त्यांनी उभ्यानेच वाचली आणि मग बसले.

"हे कोणी मागितलंय तुमच्याकडे?"

"कोणी नाही."

"तो मुलगा केस करतोय?"

"मुलगा नाही आता. बेचाळीसचा आहे. केस करत नाही. एक उत्तरपत्रिका पाठवली त्याने."

ते त्यांना कळलं नाही, मी समजावलंही नाही. त्यांनी दार लोटलं.

"पाक इयुस, माझं ऐका. हे नोव्हेंबरनंतर द्या. दोन महिने. स्पर्धा पार पडू दे, मी स्वतः फाइल पुढे नेतो, त्या माणसाची मनाई उठवतो. शांतपणे. आत्ता दिलंत तर मला तुमचं ओळखपत्र आजच काढून घ्यावं लागेल. आणि बारा माणसांना सांभाळणारा मी दुसरा कुठून आणू?"

वाईट माणूस नाहीत ते. तुला खरं सांगतो, मी विचार केला. कॉफी संपेपर्यंत केला. दोन महिन्यांनी तुझं काही बिघडणार नव्हतं, आणि ती नऊ मशिनं मी स्वतः निवडलेली होती, एकेक हात लावून. खुर्ची चांगली होती. मग म्हटलं, "पाक, नंतर नंतर करतच मी इथवर आलोय. दोन महिन्यांनी मला पुन्हा गाडीत बसवणार कोण?"

त्यांनी उसासा टाकला. "दुसरा कोणी सुचवाल?"

"सुचवतो, पण त्याला तुमची मनाई आहे."

त्यावर ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

ओळखपत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी दाखल करून घ्यायला खालच्या मजल्यावर पाठवलं. आता तुझ्या उपयोगाचं लिहितो. तीस दिवसांत ते तुला पत्र पाठवतील. फोनवर काही कबूल करू नकोस, लेखी माग. मनाई उठवल्याच्या पत्रावर 'कायमची' हा शब्द रद्द केल्याचं वेगळं लिहिलेलं असू दे, नाहीतर समारिंदावाले पुन्हा जुनी प्रत काढतील. निवेदनाची प्रत सोबत आहे. तिसऱ्या पानावर रीतीबद्दल लिहिलंय, थोरल्याने सुरुवात करायची ती. तू गप्प का राहिलास, ते त्यांना त्याशिवाय कळलं नसतं. तिथे काही चुकलं असेल तर थेट त्यांना लिही, माझ्यामार्फत नको. मला उत्तर द्यायची गरज नाही.

खाली खिडकीत एक तरुण मुलगी होती, डोक्याला निळा रुमाल, चेहऱ्यावर जेवणाची सुट्टी. तिने चार पानांचे फोटो काढले आणि संगणकावर माहिती भरायला लागली. नाव. पत्ता. प्रकरण क्रमांक. सगळं मला पाठ होतं. मग तिने विचारलं, "प्रकरणातल्या व्यक्तीशी तुमचं नातं?"

मी म्हटलं, ही ओळ कोरी ठेवता येईल का?

"कोरी ठेवली तर संगणक पुढे जात नाही, पाक. यादीतलं एक निवडायचं असतं. नातेवाईक, मालक, शिक्षक, तक्रारदार, साक्षीदार."

मी पहिली चार मनात एकेक करून लावून बघितली. मागे रांगेत दोघे उभे होते, त्यातला एक खोकला.

"साक्षीदार लिहू?" ती म्हणाली. "तुम्ही तिथे होता ना?"

"होतो," म्हटलं. "लिहा. उशिरा आलेला."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं आणि नुसतं साक्षीदार टाकलं. पुढच्या शब्दांना तिथे जागा नव्हती.

इयुस